टाइमलाइनवरचा वेव्हफॉर्म आणि वरची रेघ

लग्नसराईत सोलापुरात एडिटिंग शिकायला बसलेल्या मुलांना एक शंका हमखास येते. मंगलाष्टकांचा आवाज बारीक वाटला म्हणून क्लिपवरची व्हॉल्यूमची रेघ वर ओढली. आवाज वाढला, पण वेव्हफॉर्म, म्हणजे क्लिपवर दिसणारं आवाजाच्या लाटांचं चित्र, होता तसाच. मुलगा रेघ आणखी वर नेतो, आणि 'शुभमंगल सावधान' झाल्यावर हलगी कडाडली की मीटर लाल, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर. यात त्याचं काही चुकत नाही. वेव्हफॉर्म आणि ती रेघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचं हे वेगळेपण बरंच जुनं आहे.

आवाज परत ऐकता येण्याच्या आधी तो बघता येऊ लागला. पॅरिसच्या स्कॉट द मार्टिनव्हिलने १८५७ मध्ये फोनोटोग्राफचं पेटंट घेतलं. आवाजाने पडदा थरथरला की त्याला जोडलेला राठ केस काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढायचा. एडिसनचा फोनोग्राफ यायला अजून २० वर्षं होती. स्कॉटच्या १८६० मधल्या रेघांमधलं गाणं ऐकायला मिळालं ते थेट २००८ मध्ये, संगणकामुळे. बोलपटांच्या काळात फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी आली. तिच्या एका प्रकारात आवाजाबरोबर पट्टी रुंद-अरुंद व्हायची, म्हणजे फिल्म उजेडात धरली की आवाज कुठे आहे ते डोळ्यांना दिसायचं.

आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सुईचं, म्हणजे मीटरचं, घराणं निराळं. अमेरिकेत बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून व्हीयू मीटर ठरवला, तो १९३९ मध्ये वापरात आला. त्याची सुई आवाजाच्या पातळीला पोचायला सुमारे ३०० मिलिसेकंद घेते. बोलण्यासाठी, सनईसाठी ते ठीक. हलगीचा फटका मात्र सुई उठेपर्यंत होऊन गेलेला असतो. शिवाय मीटर फक्त आत्ताचं सांगतो. मघाशी काय झालं, पुढे काय येणार, हे त्याच्याकडे नसतं.

संगणकाने ही दोन्ही घराणी एका पडद्यावर आणली, आणि आपल्या शंकेचं मूळ तिथेच आहे. व्हिडिओचा आवाज साधारणपणे सेकंदाला ४८,००० नमुन्यांत, म्हणजे क्षणोक्षणीच्या मोजमापांत, साठवलेला असतो. तासाभराच्या फुटेजचे झाले १७ कोटी २८ लाख. १,९२० पिक्सेल रुंद पडद्यावर तो अख्खा तास मांडला, तर पिक्सेलच्या एकेका उभ्या रांगेच्या वाट्याला ९०,००० नमुने येतात. हे दर वेळी मोजणं परवडणारं नव्हतं. म्हणून सॉफ्टवेअर फाइल एकदाच वाचतं, तुकड्या-तुकड्यातलं सर्वांत वरचं आणि सर्वांत खालचं टोक टिपून छोट्या फाइलीत ठेवतं, आणि वेव्हफॉर्म त्यावरून काढतं. प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी 'पेक' फाइली पाहिल्या असतील, त्या याच.

दुसरं असं, की अशा एडिटिंगमध्ये मूळ फाइलीला हात लागत नाही. व्हॉल्यूमची रेघ म्हणजे नुसती सूचना, ती वाजवताना लागू होते. त्यामुळे खाली मूळ आवाजाचं चित्र आणि वर सूचना, अशी मांडणी झाली. १९९१ मध्ये प्रीमियर आलं, तेव्हाच्या संगणकांची ताकद बघता मला ती रास्तच वाटते.

पुढे सॉफ्टवेअरनुसार रीत वेगळी झाली. प्रीमियरमध्ये 'गेन', म्हणजे क्लिपच्या आवाजाची मूळ पातळी, बदलला की वेव्हफॉर्म लहान-मोठा व्हायचा, व्हॉल्यूमची रेघ हलवली तर बरीच वर्षं होत नसे. २०११ मध्ये आलेल्या फायनल कट प्रो टेनमध्ये व्हॉल्यूम वाढवला की वेव्हफॉर्मच उंचावतो. मर्यादेजवळची टोकं पिवळी, ओलांडणारी लाल. शिकणाऱ्यासाठी मला हीच रीत बरी वाटते: कानाला जे मिळणार, तेच डोळ्यांना दिसतं.

उंचीवर भिस्त ठेवताना मात्र जपायला हवं. साध्या मापावर उणे २० डीबीचा, म्हणजे कमाल मर्यादेच्या २० डेसिबल खालचा, आवाज पूर्ण उंचीच्या फक्त दहाव्या हिश्शाएवढा दिसतो. मंगलाष्टकं रेघेसारखी चपटी दिसली म्हणजे ती ऐकू येणार नाहीत, असं मुळीच नाही.

आणि मूळ चित्राचा एक उपयोग कधीच संपत नाही. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. 'हर्र बोला हर्र'चा गजर कॅमेऱ्याच्या माइकजवळ उठला आणि लेव्हल आधी उतरवलेली नसली, की आवाज फाटतो. ती क्लिप झूम करून बघा: लाटांना शेंडेच नसतात, वरून-खालून कात्रीने सरळ छाटल्यासारख्या. आता गेन १२ डीबी उतरवा. लाटा पावपट होतात, लाल रंग जातो, पण माथे सपाटच राहतात, आणि कानाला आवाज तसाच फाटलेला लागतो.