कापलेलं वेगळं, हरवलेलं वेगळं

कादंबरीवरचा मराठी सिनेमा लागला की ठाण्यात त्याचा निकाल तलावपाळीच्या कट्ट्यावर आधीच लागलेला असतो. "अहो, निम्मं पुस्तक कापलंय." नौपाड्यातले काका हेच म्हणतात, घोडबंदरला राहणारी त्यांची भाची हेच म्हणते आणि मराठी ग्रंथसंग्रहालयात पुस्तक बदलायला आलेले गृहस्थही हेच ऐकवतात. खटकलेलं असतं सगळ्यांनाच, त्याबद्दल वाद नाही. पण बोट भलत्याच जागी ठेवलं जातं. पुस्तकातलं काही कापणं आणि पुस्तकातलं काही हरवणं यांची सरमिसळ होते, आणि मग उपायही भलताच सुचवला जातो.

कापण्याबद्दल जास्त सांगायची गरज नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. सव्वादोन तासांच्या सिनेमात तीनशे पानं मावायची नाहीत. मग उपकथानक जातं, दोन मित्रांचा एक होतो, आत्या तर पहिल्याच खर्ड्यात बाद. यानं सिनेमा बिघडतोच असं नाही. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (१९७९) बघा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत बसवल्या. कापाकापीच मोजायची तर हा सिनेमा गुन्हेगारांच्या यादीत पहिला हवा. पण आजही निवडणुका आल्या की लोक तोच सिनेमा काढून बसतात. त्या कथेचा जीव कोण कोणाला भेटतं, काय बोलतं आणि काय गिळून टाकतं यात आहे. ते कॅमेऱ्याला दिसतं. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस नुसता कोपऱ्यात उभा राहिला तरी पुरतं.

आता हरवणं. काही कादंबऱ्यांत काय घडतं याला फारशी किंमतच नसते, सगळी किंमत सांगणाऱ्याची असते. नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) घ्या. खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला येतो, होस्टेलवर राहतो, मेसचे घोळ निस्तरतो, नापास होतो, घरी परततो. मधे धाकटी बहीण मणी देवीच्या आजारानं जाते. समजा, उद्या कोणी यातला एकही प्रसंग न वगळता सिनेमा केला. कट्ट्यावरच्या कसोटीनं तो शंभर टक्के प्रामाणिक ठरेल, आणि त्यात 'कोसला' औषधालाही सापडणार नाही. कारण ती कादंबरी पांडुरंग सांगवीकरच्या सांगण्यात आहे: त्याच्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'मध्ये, मोठं दुःख बेफिकिरीनं बोलून टाकण्याच्या त्याच्या खोडीत. पडद्यावर उरेल तो एक नापास मुलगा आणि त्याचे वैतागलेले वडील. तसे सिनेमे भरपूर आहेत.

हे काल्पनिक झालं. प्रत्यक्षातलं उदाहरण हवं तर 'शाळा'. मिलिंद बोकिलांची कादंबरी नववीतला मुकुंद स्वतः सांगतो. सुजय डहाकेचा सिनेमा २०१२ सालचा. तो मला मनापासून आवडतो आणि त्याला रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आहे, म्हणजे कात्री वाईट चालवली अशी तक्रार टिकत नाही. तरी कादंबरीवाले हळहळतात, आणि त्यात तथ्य आहे. पुस्तकभर आपल्याला मुकुंदचा चेहरा दिसत नाही, कारण आपण त्याच्या डोळ्यांनी वर्गातल्या शिरोडकर या मुलीकडे बघत असतो. तिनं मागं वळून पाहिलं, तर ते आपल्याकडे की खिडकीकडे, आणि ही 'लाईन' धरायची का नाही, याचा कीस तो ज्या गांभीर्यानं पाडतो त्यात सगळी गंमत आहे. सिनेमात आपण मुकुंदकडे बघतो. मुलगा गोड दिसतो, आपण मोठ्या माणसांसारखे कौतुकानं हसतो. पुस्तकात आपण नववीत असतो, सिनेमात नववीतल्या मुलाचे पाहुणे. एकही प्रसंग न कापता हे झालं असतं.

'श्यामची आई'त हे आणखी ठळक आहे. पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. पोहायला जायचं नाही म्हणून पोर माळ्यावर लपतं, आई शिंपटीनं झोडपते, पोराची रवानगी विहिरीत. प्रसंग जसाच्या तसा चित्रित केला तर दिसेल ती कडक आई आणि रडणारं पोर. पुस्तकात रडू येतं ते मारामुळे नव्हे. आई केव्हाच गेली आहे आणि सांगणाऱ्याला त्या माराचा अर्थ आता कळतो आहे, म्हणून. हे 'आता' कॅमेऱ्याला सहजासहजी टिपता येत नाही. २०२३ साली त्याच डहाकेनं तुरुंगातले साने गुरुजी पडद्यावर आणले. सांगणारा सांभाळायला हवा, हे त्यानं ओळखलं होतं.

यावर हमखास सुचवला जाणारा इलाज म्हणजे पार्श्वभूमीला निवेदन. माझी त्यावर खुन्नस आहे. नायक पावसात भिजतोय आणि आवाज सांगतो, "त्या दिवशी खूप पाऊस होता." दिसतंय की बाबा! निवेदन दृश्याच्या विरुद्ध जात असेल, थापा मारत असेल, तरच ते पुस्तकाचं काही वाचवतं. दुसरा लाडका इलाज: "यावर दहा भागांची वेब सीरिज हवी होती." कापलेलं सगळं तिथं मावेल, मान्य. हरवलेलं मात्र दहा भागांतही हरवलेलंच राहील, वर आठ तास जातील.

पात्रनिवड, 'माझ्या मनातली शिरोडकर अशी नव्हती', बसचा रंग त्या काळातला नाही, या तक्रारी खुशाल करा, चहाबरोबर बऱ्या लागतात. शेवट बदलणं थोडं गंभीर. 'दुनियादारी' (२०१३) बघून शिरवळकरांचे वाचक चिडले ते उगीच नाही, पण तो उघड घेतलेला निर्णय आहे. त्यावर भांडता येतं.

आणि पारडं उलटही फिरतं. 'नटरंग'मधल्या गुणाचं पैलवानी अंग उतरून नाच्या होणं अतुल कुलकर्णींनी अंगावर वागवलंय. आनंद यादवांच्या पानांवर ते समजतं, पडद्यावर ते अंगावर येतं. 'उंबरठा' तर सगळ्यांनी पाहिलाय, पण तो ज्या 'बेघर'वरून आला ती शांता निसळांची कादंबरी वाचलेली किती माणसं तुम्हाला भेटली?

तेव्हा कोणी विचारलं, आधी पुस्तक का आधी सिनेमा, तर सरसकट "पुस्तकच" म्हणू नका. पहिलं पान उघडा. गोष्ट 'मी' सांगत असेल आणि त्या 'मी'ला एखादी खोड असेल, तर आधी वाचा, 'शाळा' तर नक्कीच. 'सिंहासन' आधी पाहिलात तरी काही बिघडत नाही. साधूंच्या दोन्ही कादंबऱ्या नंतर वाचा, निळू फुल्यांचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवूनच वाचा.