सुतार जातीचा दाखला आणि विश्वकर्मा कार्ड : अर्ज करण्यापूर्वी

"विश्वकर्माचं कार्ड आहे ना, मग पोराला जातीचा दाखला कशाला?" सुतारांच्या घरात हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत मिळणारं हे कार्ड हातातल्या कामाचं असतं आणि दाखला जातीचा. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

महाराष्ट्रात सुतार जात इतर मागास वर्गात मोडते. दाखल्याचा अर्ज सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून होतो आणि दाखल्यावर सही उपविभागीय अधिकाऱ्यांची, म्हणजे प्रांतांची असते. आधार, रेशनकार्ड, अर्जदाराचा व वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र हे कागद सहज जमतात. खरी धावपळ होते ती १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या पुराव्यासाठी. त्या तारखेआधीची जातीची नोंद आणि महाराष्ट्रातलं वास्तव्य, दोन्ही दाखवावं लागतं.

इथे आडनावावर विसंबू नका. 'सुतार' आडनावाने जात सिद्ध होत नाही, आणि गावावरून आडनाव पडलेली कितीतरी घरं सुतारांचीच आहेत. बघायचा तो शाळेच्या रजिस्टरातला जातीचा रकाना. तिथे नुसतं 'हिंदू' किंवा 'विश्वकर्मा' लिहिलेलं असेल तर आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांच्या नोंदी शोधा. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातलं जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक, हे माझ्या मते सर्वांत भक्कम. नोंद जुन्या मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून सोबत जोडा. लग्न झालेल्या बहिणींनी माहेरचे, वडिलांकडचे कागद लावायचे.

प्रवेशाला, नोकरीला किंवा निवडणुकीला जात वैधता प्रमाणपत्रही, म्हणजे दाखला तपासून खरा ठरल्याचा कागदही, लागतो. ते जिल्हा जात पडताळणी समिती देते. वडिलांची, सख्ख्या भावाची किंवा काकांची वैधता झालेली असेल तर ती आवर्जून जोडा. नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला, वेगळा काढावा लागतो.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे, जातीची अट नाही. वय १८ पूर्ण हवं, घरातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि सरकारी नोकरदाराचं कुटुंब अपात्र ठरतं. आधार, त्याला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक आणि रेशनकार्ड घेऊन सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात, जा. पुढे ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, मग जिल्हा समिती आणि शेवटी छाननी समिती अशी तीन टप्प्यांची तपासणी होते. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, रंधा-पटाशी-करवतीसारख्या अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, आणि मूलभूत प्रशिक्षणानंतर ५ टक्के व्याजाने एक लाखापर्यंत पहिलं कर्ज मिळतं.

नोंदणीला अंगठा लावावा लागतो. वर्षानुवर्षं रंधा मारून आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र ठसा घेत नाही. त्यांना तसंच परत पाठवू देऊ नका. हात स्वच्छ धुऊन दुसरी बोटं लावून बघा, तरीही जमलं नाही तर आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घ्या आणि मग पुन्हा जा.