अंग रगडल्यावर आत नेमकं काय होतं?

सांगलीतल्या जुन्या तालमीत संध्याकाळी पाऊल टाकलं की माणसांआधी वास भेटतो. तांबड्या मातीत मुरलेली हळद, लिंबू, ताक, कापूर, आणि त्या सगळ्यावर तेल. लढती संपलेल्या असतात. हौद्याच्या कडेला वीस-बावीस वर्षांचा एक पैलवान पालथा पडलाय. दुसरा पोरगा तळहाताची गादी त्याच्या पोटरीवर टेकवून घोट्याकडून गुडघ्याकडे अंगाचा भार देत सरकतोय. मध्येच त्याचा अंगठा एका जागी थांबतो आणि खालचा पैलवान दात आवळतो.

"आरं हळू की लेका!"

"हळू कशाला? शीर चढलीया. मोकळी व्हायला नगं व्हय?"

कट्ट्यावरचे वस्ताद तिकडे न बघताच निकाल देतात, "सगळी घाण निघाय पायजे त्येच्या पायातनं."

कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंच्या या जिल्ह्यात वस्तादांना उलट प्रश्न विचारायचा नसतो. म्हणून तिथे मी गप्प बसलो. इथे विचारतो. घाण म्हणजे कोणती? आणि ती निघते का?

'घाण' म्हणजे सहसा लॅक्टिक आम्ल. जोरदार मेहनतीत स्नायूंत ते साठतं, त्यामुळे अंग दुखतं आणि चोळलं की वाहून जातं, अशी समजूत आहे. जिममधले शिकलेसवरलेले प्रशिक्षकही हेच सांगतात. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं. लोकांना मूठ आवळण्याचा व्यायाम दिला आणि नंतर हाताला मालिश केलं. मालिशच्या दाबाने स्नायूतला रक्तप्रवाह मध्ये मध्ये अडत होता, त्यामुळे आम्लाचा निचरा उलट मंदावला. तसंही हे आम्ल व्यायाम थांबल्यावर तासाभरात आपलं आपण निवळतं. पाचशे बैठका मारल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंब मारतात, त्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. ते दुखणं २४ ते ७२ तासांत टिपेला जातं आणि त्याचं कारण वेगळं आहे. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू लांब होत होत भार पेलतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते आणि दुरुस्तीसाठी तिथे दाह सुरू होतो.

मग चोळण्याने काहीच होत नाही का? होतं. २०१२ मध्ये कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना दमून जाईपर्यंत सायकल चालवायला लावली. नंतर प्रत्येकाच्या एकाच मांडीला १० मिनिटं मालिश केलं आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. चोळलेल्या मांडीत दाहाचे रासायनिक निरोप कमी होते. पेशीतली ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढवणारे निरोप जास्त होते. लॅक्टिक आम्ल मात्र दोन्ही मांड्यांत सारखंच! ११ माणसं म्हणजे काही फार नाहीत, पण वस्तादांचा हात बरोबर आणि कारण चुकीचं असावं, असा संशय यायला एवढं पुरे. २०२० मध्ये २९ प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. त्यात मालिशने ताकद, वेग किंवा दम वाढल्याचं दिसलं नाही. लवचीकता थोडी वाढली आणि नंतरचं दुखणं थोडं कमी झालं. कुस्ती जिंकायची तर जोर-बैठकांना पर्याय नाही, हे तालमीला आधीपासून ठाऊक आहेच.

मला यापेक्षा रंजक वाटतो तो दुसरा प्रश्न. चोळता चोळताच बरं का वाटतं? स्नायूतली दुरुस्ती तर काही तासांनी व्हायची असते.

कोपर दाराला आपटलं की आपण आधी कळवळतो आणि लगेच दुसऱ्या हाताने ती जागा चोळतो. हे कुणी शिकवलेलं नसतं. वेदनेचा अभ्यास करणारे संशोधक रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये यामागची कल्पना मांडली. वेदनेचे निरोप बारीक मज्जातंतूंतून येतात, स्पर्शाचे आणि दाबाचे जाड तंतूंतून, आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाची गर्दी झाली की वेदनेसाठी ते फाटक ओढलं जातं. त्यांच्या मांडणीतले तपशील पुढे बदलले, गाभा टिकला.

स्पर्शाच्या तंतूंतही एक निराळी जात आहे, सी-टॅक्टाइल तंतूंची. आपल्या केसाळ त्वचेत हे सापडतात, हातावर, पाठीवर, पायांवर. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने, अंगाइतक्याच उबदार वस्तूने अलगद हात फिरवला तर ते सर्वांत जास्त जागे होतात. मनगटापासून कोपरापर्यंत पाचसहा सेकंदांत हात न्यायचा, एवढा तो वेग. बाळाच्या पाठीवरून आजीचा हात असाच फिरतो, घड्याळ न लावता. २००२ मध्ये स्वीडनच्या होकन ओलाउसन आणि सहकाऱ्यांनी एका बाईंची नोंद प्रसिद्ध केली. आजाराने त्यांचे स्पर्शाचे जाड तंतू निकामी झाले होते. हातावर मऊ ब्रश फिरवला तर काय फिरतंय, कुठल्या दिशेने फिरतंय हे त्यांना सांगता येईना, पण काहीतरी छान वाटतंय एवढं कळत होतं. हे तंतू 'काय' सांगत नाहीत, 'बरं वाटतंय' एवढंच सांगतात.

म्हणजे मालिशचं बरंचसं काम कातडी, मज्जारज्जू आणि मेंदू यांच्यात चालतं, आणि श्रेय जातं पोटरीला. हे मानलं तर 'दुखल्याशिवाय गुण येत नाही' या तालमीच्या दुसऱ्या श्रद्धेलाही धक्का बसतो. अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या ४०१ जणांवर झालेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना खोलवर, नेमक्या स्नायूंवर काम करणारं मालिश दिलं, काहींना नुसतं सैलावणारं सर्वांगाचं, आणि काहींचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. दहा आठवड्यांनी दोन्ही मालिशवाले तिसऱ्या गटापेक्षा बरे होते, आणि दोघांत फरक जवळपास नव्हता. वर्षाअखेरीस फायदा अगदी थोडा उरला. ऊसतोडीने किंवा दुचाकीच्या खड्ड्यांनी धरलेली कंबर मालिशने सैल होईल, पण कायमची सुटणार नाही. हिंडणं-फिरणं आणि व्यायाम लागणारच.

पद्धतींची यादी पार्लरच्या दरपत्रकावर लांबलचक असते. त्यातलं स्वीडिश मसाज सर्वांत प्रसिद्ध, पण त्याच्या हातांच्या प्रकारांना आज वापरली जाणारी फ्रेंच नावं रुळवली ती योहान मेझगर या डच डॉक्टरने, एकोणिसाव्या शतकात. एफ्लुराज म्हणजे लांब हात फिरवणं, पेत्रिसाज म्हणजे तिंबणं, फ्रिक्शन म्हणजे रगडणं आणि तापोतमाँ म्हणजे थापटणं. पेत्रिसाज ज्या क्रियापदावरून आलं त्याचा फ्रेंचमध्ये अर्थच मुळी कणीक मळणं. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलाच शब्द! जपानी शियात्सु म्हणजे बोटांचा दाब, आपलं चेपणं. थाई पद्धतीत तेल नसतं, माणसाला वाकवून ताणतात. तळव्यावर यकृताचे नि मूत्रपिंडाचे बिंदू दाखवणाऱ्या नकाशांना शरीररचनेत आधार नाही. तळवे चेपून घेतल्यावर झोप छान लागते, ते खरं.

तेलाचंही तसंच. 'तेल हाडात मुरतं' असं घरोघरी म्हणतात. ते कातडीच्या सर्वांत वरच्या, कागदाहून पातळ थराच्या फारसं खाली जात नाही. तिथेच ते ओलावा धरून ठेवतं आणि हात सरकू देतं. चरकाने अभ्यंगासाठी तेल दिलेल्या गाडीच्या आसाची उपमा वापरली आहे. वंगणाची ही कल्पना हाडात मुरण्यापेक्षा मला जास्त पटते.

तालमीनंतर आपल्याकडे मालिशचा दुसरा अड्डा म्हणजे बाळंतिणीची खोली. न्हाऊ घालणारी मावशी पाय लांब करून पाटावर बसते, बाळाला पायांवर घेते आणि तळहाताने पोट, छाती, पाठ अशी फिरत राहते. या हाताला विज्ञानाने चांगले गुण दिलेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा १५-१५ मिनिटं, असं दहा दिवस मालिश केलं. त्या बाळांचं वजन इतरांपेक्षा ४७ टक्के जास्त वेगाने वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. पुढच्या प्रयोगांत फरक इतका मोठा राहिला नाही, पण वजन वाढण्याची दिशा तीच राहिली. त्यात एक गंमत कळली. अगदी हलक्या, गुदगुल्या केल्यासारख्या हाताने फारसं साधत नाही. मध्यम दाब लागतो.

पण मावशींना थांबवायच्या जागाही आहेत. नाकात तेल सोडणं ही सर्वांत वाईट, कारण ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कानातही नको. नवजात बाळाची छाती पिळून दूध काढणं, नाक चिमटून सरळ करणं, डोक्याला आकार देणं, पायांना धरून उलटं लोंबवणं, यातलं काहीही नको. टाळूवर तेल लावा, दाबू नका.

मोठ्यांसाठीही काही गोष्टी पक्क्या आहेत. एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली तर तिला चोळायचं नाही. आत शिरेत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आधी डॉक्टर. ताप, ताजा मुका मार, हाड मोडल्याची शंका, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांतही आधी विचारून मग मालिश.

आणि सलूनमधली मान. दाढी झाली, चंपी झाली की कारागीर हनुवटीखाली एक हात घालतो, दुसरा डोक्यामागे, आणि कडकन आवाज काढतो. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या भोकांतून जातात आणि कवटीत शिरण्याआधी तीव्र वळण घेतात. झटक्याने पिळल्यावर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गाठ धरू शकते आणि पक्षाघात येऊ शकतो. असं क्वचितच होतं, पण होतं ते तरुणांनाही. म्हणून मी हल्ली खुर्चीत बसतानाच सांगून ठेवतो, "दादा, चंपी पाच मिनिटं जास्त करा, मान राहू द्या."