मुंबईतले दोन बिशप: पाद्रुआदोच्या भांडणाची पार्श्वभूमी

पूर्वेकडे चर्च बांधायची, पाद्र्यांचा खर्च उचलायचा, ही जबाबदारी पोर्तुगालच्या राजाची. त्या बदल्यात बिशपपदासाठी नाव सुचवायचा हक्कही त्याचाच. पोपने दिलेला हा हक्क म्हणजे पाद्रुआदो. गोव्याचं धर्मपीठ १५३४ साली उभं राहिलं ते त्यातूनच.

रोमला पुढे ही देणगी जड जाऊ लागली. १६२२ साली धर्मप्रसारासाठी स्वतंत्र खातं निघालं आणि राजाला न विचारता पोपचे थेट प्रतिनिधी येऊ लागले. त्यांतला एक दिवाडी बेटावरचा गोवेकर होता, १६३७ साली रोममध्ये बिशप झालेला. गोव्याच्या धर्मपीठाने त्याला साधी पाद्रीपदाची दीक्षाही दिली नव्हती.

मुंबईत तिसरा धनी आला. १७२० साली इंग्रज सरकारने गोव्याच्या हाताखालचे पाद्री बेटावरून काढले आणि चर्च रोमच्या कार्मेलाइट संघाच्या पाद्र्यांना दिली. पाद्री पोर्तुगालशी इमान राखतात, हा संशय. १७९४ साली त्याच सरकारने वाटणी केली: माझगाव आणि दादर गोव्याकडे, भुलेश्वर आणि माहीम रोमकडे. कॅथलिकांचा बिशप कोण, हे प्रॉटेस्टंट सरकार ठरवत होतं!

खरा वाद १८३८ चा. लिस्बनच्या उदारमतवादी सरकारने १८३४ मध्ये धार्मिक संघ बंद केले होते, रोमशी संबंध तुटले होते, हिंदुस्थानातली बिशपपदं ओस पडली होती. तेव्हा पोपने फर्मान काढून केरळातलं कोचीन आणि क्रांगानोर (आजचं कोडुंगल्लूर) आणि मद्रासजवळचं मैलापूर इथला पाद्रुआदोचा अधिकार आपल्या प्रतिनिधींना दिला आणि पोर्तुगीज हद्दीबाहेरचा गोव्याचा अधिकारही आवरला. कर्तव्य केलं नाही तर हक्क कसा उरेल, असं रोमचं म्हणणं. गोव्याकडून उत्तर आलं की हा करार दोघांचा आहे, एकट्याने मोडता येत नाही. शिवाय राजाच्या संमतीविना फर्मान लागूच होत नाही. माझ्या मते कायद्याच्या अंगाने हे उत्तर लेचंपेचं नव्हतं. पण ते देणाऱ्या पाद्र्यांवर फुटीरपणाचा शिक्का बसला. त्यांतले बहुतेक गोव्याचे, इथल्याच मातीतले. समोर होते युरोपातून आलेले. हा भेद त्या काळच्या कागदांत फारसा बोलला जात नाही, आणि ते खटकतं.

१८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमधल्या लोकांनी गोव्याकडे जायचं ठरवलं. रोमचा बिशप आपल्या माणसांसह आत जाऊन बसला, बाहेर लोकांनी वेढा घातला. दिवसामागून दिवस गेले. शेवटी सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून चर्च पाद्रुआदोच्या लोकांना दिलं.

रोम आणि पोर्तुगालच्या १८८६ च्या करारात पाद्रुआदोच्या बाजूने दमणचा नवा बिशप आला आणि दुहेरी कारभार अधिकृत झाला. शेजारशेजारची दोन कॅथलिक घरं दोन वेगळ्या बिशपांच्या हाताखाली. १९१० साली पोर्तुगालमधली राजेशाही गेली, १९११ साली तिथे चर्च आणि राज्य कायद्याने वेगळी झाली. तरीही तेच प्रजासत्ताक राजाचा हक्क सांगत राहिलं. १९२८ साली दुहेरी कारभार संपला, पण ठरलं काय, तर मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. इथल्या पाद्र्यांची पाळीच नव्हती. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या करारात पोर्तुगालने मुंबईवरचा हक्क सोडला, आणि त्याच वर्षी मुंबईला पहिला भारतीय आर्चबिशप मिळाला. घराणं गोव्याचंच.