खण उघडला की पाना हाताला लागावा
हत्यारांच्या खणासाठी सुटे-जोडते कप्पे : ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

फिटर खणात हात घालून सोळा-सतराचा पाना शोधत असतो, तेवढा वेळ मशीन उभं असतं. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे या कारखान्यांच्या भागातून आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक हीच तक्रार घेऊन येतात आणि म्हणतात, "भरपूर कप्पे करून द्या." कप्पे किती हा प्रश्न आमच्या मते नंतरचा. संध्याकाळी खण उघडल्यावर कोणतं हत्यार परत आलं नाही, हे न मोजता नजरेला कळलं पाहिजे. ६-७ पासून २०-२२ पर्यंतचे आठ पाने एकाच मोठ्या कप्प्यात टाकले, तर त्यातला एक गेल्याचं तो लागेपर्यंत कळत नाही. तेच आठ पाने आठ खाचांत उभे असले, तर रिकामी खाच लगेच डोळ्यात भरते.

कप्पे आम्ही थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकचे छापतो, ४२ मिमीच्या चौकटीवर. ही पद्धत ग्रिडफिनिटी नावाने ओळखली जाते. अमेरिकेतले झॅक फ्रीडमन यांनी ती २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. खणाच्या तळाला जाळीसारखी पट्टी बसते, तिचं एक घर ४२ बाय ४२. त्यावर बसणारा कप्पा ४१.५ चा, म्हणजे दोन कप्प्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट राहते आणि शेजारचा न हलवता एक कप्पा उचलता येतो. दोन घरांचा कप्पा ८३.५ चा. उंची ७ मिमीच्या टप्प्यांनी वाढते. उद्या तुमचं काम बदललं, तर फक्त वरचे कप्पे बदलायचे. तळाची पट्टी तीच चालते. फोम कापून केलेल्या खणात ही सोय नाही, तिथे नवं हत्यार आलं की बहुधा पूर्ण फोम नवा घ्यावा लागतो.

आता मापाचं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि पहिली चूक आमचीच होती. सुरुवातीच्या एका ऑर्डरला आम्ही खणाचं माप वरच्या काठावर घेतलं. पत्र्याचा काठ आत वळलेला, तळाला कोपरे गोल, शिवाय एका बाजूला रिव्हेटची डोकी. पट्टी बसलीच नाही, सगळी पुन्हा करावी लागली. तेव्हापासून माप तळाला, आतून आणि तीन ठिकाणी घेतो: पुढे, मध्ये, मागे. त्यातलं सर्वांत लहान माप धरायचं.

समजा खण आतून ४०० बाय ५६० निघाला. ४०० मध्ये ४२ ची नऊ घरं बसतात, ३७८ होतात, उरतात २२. ५६० मध्ये तेरा घरं, ५४६, उरतात १४. ही उरलेली जागा दोन्हीकडे वाटून टाकू नका. एका बाजूला २२ ची सलग मोकळी जागा ठेवली, तर तिथे स्टीलची पट्टी, लांब एलन की, पेन्सिल असं काही राहतं. आमच्या प्रिंटरचं टेबल २२० मिमीचं आहे, त्यावर एका वेळी पाच घरं, म्हणजे २१० मिमी निघतात. म्हणून मोठ्या खणाची तळाची पट्टी तुकड्यांत येते. वरच्या उदाहरणात सहा तुकडे. तुकडे खणात एकमेकांना टेकून बसतात, चिकटवायची गरज पडत नाही.

खोलीही मोजा, आणि ती हत्यार कप्प्यात ठेवून मोजा. कप्पा बसतो, पण त्यातल्या प्लायरचं हँडल वरच्या खणाला अडतं, असं नेहमी होतं.

मांडणी करताना प्रकारानुसार वाटणी करायची सवय सोडा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. सगळे ड्रिल एकीकडे आणि सगळे टॅप (भोकात आटे पाडायची हत्यारं) एकीकडे ठेवले की खण शोभून दिसतो, पण हाताला दोनदा फिरावं लागतं. एम ८ चा, म्हणजे ८ मिमी बोल्टचा टॅप (पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५) मारायचा तर आधी ६.८ चं ड्रिल लागतं. एम ६ ला ५ चं, एम १० ला ८.५ चं. मग टेपर, सेकंड, बॉटमिंग हे एकाच मापाचे, एकामागून एक लागणारे तीन टॅप आणि त्यांचं ड्रिल एकाच कप्प्यात का नसावं? टॅप हँडल बाजूच्या घरात. एका कामाचं सामान एका जागी असलं, तर नवीन पोरगाही चुकीचं ड्रिल उचलत नाही. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर मात्र वेगळ्या खणात, हातोडी-छन्नीपासून लांब.

प्रत्येक खाचेला बोट घालायला २० ते २५ मिमीची जागा आम्ही ठेवतो. हातमोजे घालून काम असेल तर आधी सांगा, ती वाढवू.

नावांच्या पट्ट्या कोणत्या भाषेत, हेही विचारलं जातं. आपल्याकडे एकाच शेडमध्ये मराठी, कन्नड, हिंदी बोलणारी माणसं असतात. खाचेचा आकारच हत्यार ओळखून देतो, आणि १० किंवा १३ हा आकडा सगळ्यांना वाचता येतो. मराठी-कन्नड दोन्ही हवं असेल तर तेही करून देऊ.

पावसाळ्याबद्दल थोडं सविस्तर. खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागातल्या पावसात खणातलं उघडं लोखंड आठवड्यात तांबूस होतं. म्हणून तळाला फेल्ट, जुनं गोणपाट किंवा साधा स्पंज घालू नका. ते ओल धरतात आणि पान्याच्या टेकलेल्या बाजूला गंज चढतो. एमडीएफचे कप्पे ओलीने फुगतात. आमचे कप्पे पीईटीजी नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. पीएलए हे दुसरं प्लॅस्टिक स्वस्त पडतं, छापायलाही सोपं, पण ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या टेम्पोच्या डिकीत एवढं तापमान होऊ शकतं. पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतं आणि तेल-ग्रीसला दाद देत नाही. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने मात्र पुसू नका. साबणाचं कोमट पाणी पुरे, नंतर पूर्ण वाळवा.

कप्प्याखाली ६ बाय २ मिमीची चुंबकं लावून मिळतात. फिरत्या मेकॅनिकच्या पेटीला ती जरूर घ्या, रस्त्यावर कप्पे उडत नाहीत. लेथ-मिलिंगच्या शेडमध्ये नको. लोखंडी बारीक चिप्स चुंबकाला चिकटतात आणि कप्पा तिरका बसायला लागतो. जागच्या खणात हत्यारांचं वजनच त्याला धरून ठेवतं.

सगळे खण एकदम करू नका. आधी खण रिकामा करा, आणि महिनाभर वापरलेलं प्रत्येक हत्यार परत येताना वरच्या खणात ठेवा. महिनाअखेर तिथे जे असेल, त्याचेच कप्पे आधी करू. उरलेलं खालच्या खणात जुन्या डब्यात राहिलं तरी चालतं. सुट्या वॉशर-नटांना घरातले प्लॅस्टिकचे डबे पुरतात, त्यासाठी आमच्याकडे पैसे घालवू नका.

येताना खण काढून आणता आला तर उत्तम. नाहीतर तळाची तीन मापं, आतली उंची आणि हत्यारं वर्तमानपत्रावर मांडून वरून काढलेला फोटो आणा. फोटोत शेजारी स्टीलची पट्टी असू द्या. एक खाच आम्ही आधी नमुना म्हणून छापून देतो. ती चार दिवस वापरून बघा. पाना घट्ट वाटला किंवा खडखडला तर सांगा. माप बदलूनच बाकीच्या करू.