खोल खाणीतला बोल्ट सरकायला कसा शिकला

मराठवाड्यात विहीर खणताना वरचा माती-मुरमाचा भाग दगडांनी बांधून काढतात. खाली काळा पाषाण लागला की बांधकामाची गरज उरत नाही. चांगला खडक स्वतःला पेलतो, एवढाच हिशेब. वेरूळच्या तीनताल लेण्यातले खांबही बाहेरून आणून उभे केलेले नाहीत, कोरताना जागेवर राखले आहेत. पण तिथे डोक्यावर फार तर एक टेकडी आहे.

कोलारच्या सोन्याच्या खाणी 3 किलोमीटरहून खोल गेल्या. खडक घनमीटरला 2.7 टन धरला, तर 3,200 मीटरवर दर चौरस मीटरला साडेआठ हजार टनांहून जास्त भार होतो. एवढ्या दाबाखाली कठीण खडक हळूहळू ढासळत नाही, फुटून उडतो. यालाच रॉकबर्स्ट म्हणतात. किल्लारीचा 1993 चा भूकंप सोसलेल्या भागाला साठलेला ताण एकदम सुटणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पूर्वी आधार म्हणजे लाकडी टेकू नाहीतर रचलेले दगड. खडकात भोक पाडून पोलादी सळई, म्हणजे बोल्ट, बसवण्याचं पेटंट जर्मनीत 1913 मध्ये निघालं. पद्धत रुळली मात्र 1940 च्या दशकाअखेरीस, अमेरिकेत. ऑस्ट्रेलियातल्या स्नोवी माउंटन्स जलविद्युत प्रकल्पावर अभियंते टॉम लँग यांनी बादलीत खडी भरली, तीत छोटे बोल्ट आवळले आणि बादली उलटी केली. खडी पडली नाही! बोल्टांनी आवळलेले सुटे दगडही एकमेकांना धरून राहतात. पुढे 1973 मध्ये बिएनियावस्की यांची आरएमआर (रॉक मास रेटिंग) आणि 1974 मध्ये नॉर्वेत क्यू ही खडकाची प्रत ठरवायची पद्धत आली. भेगा किती, खरबरीत की गुळगुळीत, पाणी किती, यावरून खडकाला गुण मिळू लागले. खोल खाणीत नुसत्या या गुणांवर भागत नाही.

खरं वळण दक्षिण आफ्रिकेत आलं. तिथले खाण अभियंते ऑर्टलेप यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत बोगद्याशेजारी सुरुंग उडवले: ताठ बोल्टांचा भाग कोसळला, सरकणाऱ्या बोल्टांचा टिकला. 1990 च्या दशकातल्या कोन बोल्टची मख्खी हीच. गुळगुळीत सळई, टोकाला पाचरीसारखा शंकू. धक्का बसला की शंकू सिमेंटातून घासत सरकतो आणि धक्क्याची ऊर्जा त्यातच जिरते.

त्यामुळे आराखड्यात आता वजनाबरोबर वेगही धरतात. मीटरभर जाडीचा, एक चौरस मीटरचा तुकडा सेकंदाला 3 मीटर वेगाने सुटला, तर सुमारे 12 किलोजूल जिरवावे लागतात. बोल्ट ते सोसतो. बऱ्याचदा आधी फाटते ती दोन बोल्टांमधली, सुटे दगड अडवणारी तारेची जाळी.