मेक्लेनबुर्गच्या सरोवर-प्रदेशातील सायकल सहल : नाव नोंदवण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

उत्तर जर्मनीतील आमच्या सायकल सहलीसाठी ज्यांनी नाव नोंदवले आहे किंवा नोंदवण्याचा विचार चालवला आहे, अशा ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. पुणे ते गोवा, कोकण किनारा किंवा पंढरपूरची सायकलवारी केलेल्या मंडळींना एका गोष्टीची सवय झालेली असते. मागून एक गाडी येत असते आणि तिच्यात सामान, पाण्याचे कॅन, सुटे टायर आणि दमलेल्यांसाठी दोन-तीन रिकाम्या जागा असतात. या सहलीत तशी गाडी नसते. ती आम्ही खर्च वाचवण्यासाठी वगळलेली नाही. ज्या वाटांनी आपण जाणार आहोत त्यांपैकी बऱ्याच वाटांवर खासगी मोटारीला मज्जाव आहे, आणि आपण तिथे जातो ते मुळात याच कारणासाठी. खालील बहुतेक सूचना या एका वस्तुस्थितीतून निघाल्या आहेत, म्हणून त्या सवडीने वाचाव्यात ही विनंती.

प्रदेश कसा आहे

बर्लिनहून उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेने तास-दीड तासात आपण मेक्लेनबुर्गच्या सरोवर-प्रदेशात पोहोचतो. येथील म्यूरित्स हे सुमारे ११७ चौरस किलोमीटरचे सरोवर, संपूर्णपणे जर्मनीच्या हद्दीत असलेल्या सरोवरांमध्ये सर्वांत मोठे आहे. त्याच्या पूर्वेला म्यूरित्स राष्ट्रीय उद्यान पसरलेले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३२२ चौरस किलोमीटर आहे. त्यातील जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे, आणि एक हेक्टरपेक्षा मोठी शंभराहून अधिक सरोवरे त्याच्या हद्दीत आहेत.

इतका सपाट प्रदेश आणि इतके पाणी एकत्र कसे, असा प्रश्न सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला पडतोच. शेवटच्या हिमयुगात स्कँडिनेव्हियाकडून सरकत आलेला बर्फाचा प्रचंड थर या भागापर्यंत येऊन थांबला आणि सुमारे १५,००० वर्षांपूर्वी वितळून मागे हटू लागला. जमिनीत गाडले गेलेले बर्फाचे मोठमोठे तुकडे सावकाश वितळले, तिथे खळगे राहिले आणि त्यांची सरोवरे झाली. वितळलेल्या पाण्याने वाहून आणलेली वाळू पुढच्या मैदानावर पसरली. अशा रेताड जमिनीत शेती फारशी पिकत नाही, त्यामुळे वस्ती विरळ राहिली आणि पाइनची जंगले वाढली. पूर्व जर्मनीच्या काळात येथील काही भाग सोव्हिएत फौजांच्या सरावासाठी आणि काही भाग सत्ताधाऱ्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेला होता, म्हणजे सामान्य माणसाला तो बंदच होता. पूर्व जर्मनीच्या शेवटच्या मंत्रिमंडळाने आपल्या अखेरच्या बैठकीत काही मोठी वनक्षेत्रे संरक्षित करण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार हे उद्यान १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आले आणि ३ ऑक्टोबरला जर्मनीचे एकीकरण झाले. हा निर्णय दोन-चार आठवडे जरी लांबला असता, तरी या सरोवरांच्या काठी आज काय दिसले असते याचा अंदाज आपल्याकडील धरणांच्या काठची परिस्थिती पाहिलेल्यांना करता येईल.

मार्ग

आपण सहलीची सुरुवात फ्युर्स्टेनबेर्ग येथून करतो, तिथून वेझेनबेर्गमार्गे नॉयश्ट्रेलित्सला जातो, पुढे क्रात्सेबुर्ग व आंकर्सहागेन करून म्यूरित्सच्या उत्तर टोकावरील वारेन या गावी मुक्काम हलवतो, आणि शेवटचे दिवस वारेनमध्ये राहूनच जंगलात फेऱ्या मारतो. बर्लिन ते कोपनहेगन या दीर्घ सायकलमार्गाच्या खुणा बऱ्याच अंतरावर आपल्या सोबतीला असतात. रोजचे अंतर साधारणतः २५ ते ४५ किलोमीटर एवढेच ठेवलेले आहे. संपूर्ण मार्ग मोटारमुक्त आहे असा दावा आम्ही करत नाही. गावात शिरताना, आणि दोन जंगलांमधल्या काही पट्ट्यांत, साधे रस्ते वापरावे लागतात व तिथे मोटारी असतात. मात्र दिवसाचा मोठा भाग वनवाटांवर आणि स्वतंत्र सायकलमार्गांवर जातो.

फ्युर्स्टेनबेर्गच्या सरोवराच्या पलीकडच्या काठावर राव्हेन्सब्रुक येथे नाझी राजवटीने १९३९ साली स्त्रियांसाठी छळछावणी उभारली होती. १९४५ पर्यंत सुमारे १,२०,००० स्त्रिया आणि मुले तिथे डांबली गेली. आज तिथे स्मारक आहे. पहिल्याच दिवशी तिथे जाणे काही ग्राहकांना जड वाटते हे आम्हाला ठाऊक आहे. ज्यांना जायचे नसेल त्यांच्यासाठी गावात थांबण्याची सोय केलेली असते, पण सायकलमार्ग त्या परिसराजवळूनच जात असताना नजर वळवून पुढे निघून जाणे आम्हाला योग्य वाटत नाही, म्हणून अर्धा दिवस त्यासाठी राखलेला आहे.

नॉयश्ट्रेलित्स ही मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलित्स या जुन्या संस्थानाची १७३३ साली वसवलेली राजधानी. तिच्या चौकातून आठ रस्ते ताऱ्याच्या किरणांसारखे आठ दिशांना फुटतात, त्यामुळे तिथे चुकणे अवघड आहे. येथून एक दिवस आपण झेरानच्या बीच वृक्षांच्या जंगलासाठी काढतो. हे जंगल २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. येथे सायकली त्सिनो येथे लावून पुढे पायीच जावयाचे आहे. कोसळलेली झाडे तिथे उचलली जात नाहीत. एकेका ओंडक्यावर शेवाळ, बुरशी आणि नवी रोपे एकाच वेळी वाढताना दिसतात. निसर्गाची आवड असणाऱ्यांना आमचा आग्रहाचा सल्ला असा, की दुसरे काही गाळले तरी चालेल, हा दिवस गाळू नये.

क्रात्सेबुर्ग ते आंकर्सहागेन हा टप्पा हाफेल नदीच्या उगमाच्या बाजूने जातो. ट्रॉयचे उत्खनन करणारे हाइनरिश श्लीमान यांचे बालपण आंकर्सहागेनमध्ये गेले. त्यांच्या घरात संग्रहालय असून दारात मोठा लाकडी घोडा उभा आहे. वारेन येथे गोड्या पाण्यातील माशांचे मत्स्यालय आहे. पावसाच्या दिवसासाठी ते उत्तम.

वारेनहून फेडरो, श्पेक आणि बोक या वाड्यांकडे जाणारी वाट हा आमच्या मते सहलीचा गाभा आहे. श्पेकजवळच्या क्येफ्लिंग्सबेर्ग टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून १०० मीटरच्या आसपास, आणि म्यूरित्सचे पाणीच ६२ मीटर उंचीवर, म्हणजे चढ किती असेल ते लक्षात यावे. टेकडीवरील मनोऱ्याचा सज्जा ३१ मीटर उंच आहे. तिथून चारी बाजूंना जंगल आणि पाणी याशिवाय फारसे काही दिसत नाही.

सपाट म्हणजे सोपे नव्हे

चौकशी करणारे बहुतेकजण विचारतात, की घाट नाही म्हणजे सराव नसला तरी चालेल ना? पायांच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे, बाकी नाही. पहिली अडचण वाळूची. पाइनच्या जंगलातील काही वाटांवर अचानक दहा-वीस पावलांचा भुसभुशीत वाळूचा पट्टा लागतो. तिथे पुढचे चाक वळवण्याचा प्रयत्न केला की माणूस पडतो. पट्टा दिसताच हलका गिअर टाकावा, हँडल सैल पण सरळ धरावे, ब्रेक लावू नये आणि पायडल मारणे थांबवू नये. जमणार नाही असे वाटल्यास उतरून सायकल ढकलावी, त्यात कमीपणा नाही. दुसरी अडचण जुन्या गावांतील गोट्यांच्या फरसबंदीची. ती दिसायला सुरेख, पण मनगटांना आणि बसण्याच्या जागेला तिची आठवण दोन दिवस राहते. तिसरी वाऱ्याची. उघड्या माळावर समोरून वारा आला की घाटाची उणीव भरून निघते.

सायकल आम्ही तिथेच भाड्याने घेतो. तीत एक गोष्ट आपल्याकडच्या सवारांना हमखास गोंधळात टाकते. अनेक जर्मन सायकलींमध्ये पायडल उलटे फिरवले की मागचा ब्रेक लागतो. सिग्नलला थांबून पुन्हा निघताना पायडल सोयीच्या जागी आणण्यासाठी उलटे फिरवण्याची आपली सवय असते. तिथे तसे केले की सायकल जागीच अडते. म्हणून पहिल्या सायंकाळी सर्वांनी मोकळ्या जागेत अर्धा तास सराव करणे आम्ही सक्तीचे ठेवले आहे. ज्यांना बॅटरीची सायकल हवी असेल त्यांनी नोंदणीच्या वेळीच तसे कळवावे. तिची मोटार ताशी २५ किलोमीटरपर्यंतच साथ देते आणि वाळूत तिचे वजन नकोसे होते, हे ध्यानात घ्यावे.

मागे गाडी नसताना

मोठ्या बॅगा रस्त्याने पुढच्या मुक्कामी पाठवल्या जातात. दिवसभराचे सामान, म्हणजे पावसाळी जाकीट, पाणी, खाऊ, औषधे आणि कागदपत्रे, प्रत्येकाने आपल्या कॅरियरच्या पिशवीत ठेवावयाचे आहे. पंक्चरचे साहित्य, ट्यूब आणि पंप आमच्या मार्गदर्शकाजवळ असतो, तरीही ट्यूब बदलणे प्रत्येकाने घरून शिकून यावे, कारण गट कधीकधी एखाद-दोन किलोमीटर लांब पसरतो. एखाद्याला बरे वाटेनासे झाले, तर आपला आधार म्हणजे रेल्वे आणि बस. फ्युर्स्टेनबेर्ग, नॉयश्ट्रेलित्स, क्रात्सेबुर्ग आणि वारेन ही चारही ठिकाणे बर्लिन–रॉस्टॉक लोहमार्गावर आहेत, आणि प्रादेशिक गाडीत सायकल चढवता येते. तिचे वेगळे तिकीट मात्र काढावे लागते, आणि उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी सायकलींचे डबे भरून जातात. याच कारणाने आम्ही प्रवासाचे दिवस आठवड्याच्या मधले ठेवतो. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

जंगलातले नियम कडक आहेत आणि त्यांत आम्ही सूट देऊ शकत नाही. वाट सोडून आत जाऊ नये, धूम्रपान करू नये, चूल पेटवू नये, ड्रोन उडवू नये. जुन्या लष्करी सरावक्षेत्रांत जमिनीखाली दारूगोळा शिल्लक असू शकतो, त्यामुळे धोक्याच्या पाट्या शोभेच्या नाहीत. गवतातून आल्यावर रोज रात्री अंगावर गोचीड नाही ना, हे तपासावे, गुडघ्यामागे आणि काखेत विशेषतः. ब्लूटूथचा स्पीकर घरी ठेवावा. गाण्यांवर आमचा राग नाही, पण जिथे गाडीचा आवाज नाही म्हणून लोक दुरून येतात, तिथे आपण तो आवाज घेऊन जाणे बरे दिसत नाही.

केव्हा यावे

आम्ही वर्षातून दोनच वेळा जातो. मेअखेर ते जूनमध्ये संध्याकाळी साडेनऊनंतरही उजेड असतो, बीचची पालवी ताजी असते आणि कैकर पक्ष्यांची घरटी भरलेली असतात. हाच ऑस्प्रे, जो हिवाळ्यात भिगवणला पाण्यावर झेपावताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, तिथे विजेच्या उंच खांबांवर घरटे बांधतो. फेडरोच्या माहिती केंद्रात अशा एका घरट्याचे थेट चित्रण पाहता येते. दुसरी सहल सप्टेंबरअखेर. तेव्हा दक्षिणेकडे निघालेले क्रौंच हजारोंनी या भागात जमतात आणि सायंकाळी उथळ पाण्यात रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. रेडरांग सरोवराकाठी ते पाहण्यासाठी मर्यादित लोकांनाच, तेही वाटाड्यासोबत, सोडले जाते, त्यामुळे आमच्या गटाची संख्याही मर्यादित असते. जुलै-ऑगस्टमध्ये जर्मन शाळांना सुट्ट्या असतात, निवासाचे दर चढतात आणि शांतता उतरते, म्हणून त्या काळात आम्ही जात नाही.

खाणे आणि इतर काही

शाकाहारी ग्राहकांनी अपेक्षा बेताची ठेवावी. पाव, चीज, सॅलड आणि उकडलेले बटाटे घट्ट ताज्या चक्क्यासारख्या पदार्थासोबत, हे सर्वत्र मिळते. त्यापलीकडे लहान गावांत निवड नसते. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे, सरोवरातला ताजा धुरावलेला मासा काठावरच्या टपरीत पावात घालून मिळतो. घरून चिवडा, भडंग, चटण्या अवश्य आणाव्यात. पेढे, खव्याचे पदार्थ, तूप आणू नये, कारण दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात सामानातून नेण्यास बंदी आहे. खेड्यांत काही ठिकाणी कार्ड चालत नाही, तेव्हा थोडे रोख युरो जवळ असू द्यावेत. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे.

सरोवरात पोहण्याची मुभा बऱ्याच ठिकाणी आहे. तिथे विवस्त्र पोहण्याची जुनी प्रथा असून कुटुंबेही त्यात सामील असतात. कोणी आपल्याकडे पाहत नाही, आपणही पाहू नये आणि फोटो तर मुळीच काढू नयेत. मुलांसह येणाऱ्या पालकांनी याची पूर्वकल्पना असू द्यावी.

व्हिसासाठी शेंगेन अर्ज करावा लागतो. त्यासोबत किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय प्रवास विमा आवश्यक आहे. निवासाच्या नोंदींची पत्रे आम्ही देतो, परंतु अर्ज ग्राहकाने स्वतः करावयाचा आहे, आणि उन्हाळ्यापूर्वी भेटीच्या वेळा लवकर संपतात. जूनच्या सहलीसाठी जानेवारीत, सप्टेंबरच्या सहलीसाठी एप्रिलमध्ये कागदपत्रांची तयारी सुरू करावी. नोंदणी करताना आपली उंची सेंटिमीटरमध्ये लिहिण्यास विसरू नये, कारण सायकलीचा सांगाडा त्यावरूनच आम्ही आधी राखून ठेवतो.